अक्षयनीवीचे पासबुक : नाशिकमधील दहावीच्या एका इतिहास प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

शाळा आणि काम

नाशिकच्या सिडको भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीच्या एका तुकडीने पांडवलेणीवर जे प्रकल्प केले, त्यांची ही नोंद आहे. शाळेचे, शिक्षिकेचे आणि विद्यार्थ्यांचे नाव येथे हेतुपुरस्सर दिलेले नाही. तुकडीत पन्नासच्या आसपास मुले-मुली होती. बहुतेकांचे पालक अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, तर काहींचे रिक्षाचालक किंवा भाजीविक्रेते होते. प्रदर्शनाच्या वेळी परीक्षक म्हणून आणि त्यानंतर शिक्षिकेच्या विनंतीवरून वर्गात बसणारा निरीक्षक म्हणून माझा या कामाशी संबंध आला.

दहावीचे इतिहासाचे सध्याचे पाठ्यपुस्तक २०१८ पासून वापरात आहे. इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय त्यात असल्यामुळे प्रकल्पाला जागा भरपूर आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही आहेत, मात्र त्या गुणांकडे शाळा आणि पालक बव्हंशी आधाराची काठी म्हणूनच पाहतात. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद होते, निकाल ७७.१० टक्क्यांपर्यंत उतरला आणि त्याच वर्षी ते गुण परत आले, ही गोष्ट शिक्षकांच्या चांगली लक्षात आहे. पुढे गुणांवरून जे घडले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागते.

शिक्षिकेने वर्गाला दिलेली पहिली सूचना एका ओळीची होती : पांडवलेणी या विषयावर गटाने कोणत्याही सर्जनशील स्वरूपात प्रकल्प तयार करावा. लेणी शाळेपासून जवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात आहेत, आणि वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने ती पाहिलेली होती. पावसाळ्यात रविवारी पायऱ्या चढून जाणे, वरून शहर पाहणे आणि भेळ खाऊन उतरणे हा या भागातल्या कुटुंबांचा ठरलेला क्रम आहे. तेथील भिंतींवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत हे मुलांना ऐकून ठाऊक होते, पण त्यांत काय लिहिले आहे हे एकालाही माहीत नव्हते. मला वाटते, शहरातल्या मोठ्या माणसांचीही स्थिती फार वेगळी नसावी.

पहिल्या फेरीत जे आले ते अपेक्षेप्रमाणेच होते. चार गटांनी डोंगराची प्रतिकृती केली, दोघांनी चार्टपेपरवर छायाचित्रे चिकटवली आणि एका गटाने मोबाइलवर चित्रफीत बनवली. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली असली, तरी शाळेच्या प्रदर्शनांपर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली दिसत नाही. सर्वांत देखणी प्रतिकृती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती, तिच्या प्रत्येक लेण्यात एलईडीची माळ लावलेली होती आणि खाली पाटी होती : ‘पांडवांनी वनवासात कोरलेली लेणी’. ही बौद्ध लेणी आहेत, त्यांची संख्या २४ आहे, अठरावे लेणे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह आहे आणि दानाचे लेख सातवाहन राजे व क्षहरात वंशातील क्षत्रप (शक राज्यकर्ते) यांच्या काळातले आहेत, ही माहिती त्या गटाच्या प्रकल्पवहीत झेरॉक्स केलेल्या पानावर होतीच. वही आणि पाटी एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या, पण प्रतिकृती करताना त्या विरोधाची अडचण कुठेच आली नाही. पाटीवर काहीही लिहिले असते तरी प्लास्टर तसेच वाळले असते.

शिक्षिकेने हे प्रकल्प परत केले नाहीत आणि त्यांना गुणही दिले नाहीत. तिने दुसरे सूचनापत्रक काढले. त्यात दोन अटी होत्या. प्रत्येक गटाने लेण्यांतला एकच लेख निवडावा, आणि त्या लेखातील माहितीवाचून पूर्णच होणार नाही असे रूप शोधावे. लेखांचे वाचन एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात १९०५-०६ साली प्रसिद्ध केले आहे, आणि वा. वि. मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांचे विवेचन मराठीत केले आहे. या दोहोंचा आधार घेऊन शिक्षिकेने तीन लेखांचे सोपे मराठी रूप स्वतः तयार केले आणि त्याच्या प्रती वाटल्या. ही तयारी तिने दिवाळीच्या सुट्टीत केली. असे काम कोणत्याही तासिकेत मोजले जात नाही, आणि असे प्रकल्प अनेक शाळांत एका वर्षापलीकडे टिकत नाहीत त्याचे एक कारण हेच आहे.

पासबुक

पाच मुलांच्या एका गटाने दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख घेतला. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. लेखाचा आशय असा : वर्ष ४२, वैशाख महिन्यात त्याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची (कार्षापण हे तेव्हाचे नाणे) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम राखून ज्याचे फक्त व्याज वापरायचे अशी ठेव दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे ठेवली. एकीकडे २,००० कार्षापण शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (भिक्खूंच्या वस्त्रासाठी) द्यायचे, दुसरीच्या व्याजातून कुशणमूल नावाची रक्कम द्यायची. याशिवाय चिखलपद्र गावातील नारळाची ८,००० झाडे दिली. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवले गेले.

गटातल्या एका मुलाची आई पतसंस्थेत दैनिक बचत गोळा करते. त्याने पासबुकाची कल्पना मांडली आणि घरचे जुने पासबुक नमुन्यासाठी आणले. वरवर पाहता ही केवळ एक गंमत होती. पण पासबुकाला रकाने असतात आणि ते रिकामे ठेवून चालत नाही. तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक हे पाच रकाने भरायला घेतल्यावर गटाची पहिली अडचण तारखेच्या रकान्यातच उभी राहिली. व्याज केव्हा जमा करायचे? शेकडा एक हा दर दरमहा की दरसाल, हे लेखात लिहिलेले नाही.

हा प्रश्न शिक्षिकेने सोडवून दिला नाही. मुलांनी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला. दर वार्षिक धरला तर २,००० कार्षापणांवर वर्षाला वीस कार्षापण मिळतात, ते वीस भिक्खूंत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक येतो, आणि लेख तर बारा म्हणतो. दर मासिक धरला तर महिन्याला वीस, वर्षाला २४०, आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बरोबर बारा. वर्गात त्या दिवशी जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन थांबवला. अभ्यासकांनी हा दर मासिक का मानला, याचे कारण दहावीच्या मुलांनी त्रैराशिकाने शोधले होते, आणि ते कोणत्याही चित्रफितीत पाहून आलेले नव्हते. म्हणजे वर्षाला बारा टक्के झाले की, आज कोणती बँक इतके देते, असे एकाने विचारले, आणि त्यावरून दुसऱ्या ठेवीचा दर नऊ टक्केच का, हा पुढचा प्रश्न निघाला. लेखात त्याचे उत्तर नाही. गटाने पासबुकात त्या जागी ‘कारण नमूद नाही’ असे लिहिले.

खातेदाराच्या नावावर त्याहून मोठा वाद झाला. दोघांचे म्हणणे, पैसे उषवदाताने भरले म्हणजे खाते त्याचे. बाकीच्यांचे म्हणणे, त्याला ते काढता येत नाहीत, व्याजही त्याला मिळत नाही, मग ते त्याचे कसे? शेवटी खातेदार म्हणून ‘चातुर्दिश भिक्खुसंघ’ आणि ठेव भरणारा म्हणून उषवदात अशी नोंद झाली. दाता, धनी आणि लाभार्थी हे तीन वेगळे असू शकतात, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या तासाला सार्वजनिक न्यासाविषयी सांगताना कितीदा तरी सांगावी लागते आणि तरीही डोक्यावरून जाते. येथे ती नावाच्या एका रकान्यामुळे समजली.

तिसरा प्रश्न ज्या मुलीने विचारला ती या गटातली नव्हती. तिचे आजोळ येवल्याला, आणि मामांच्या घरी अजून पैठणीचा माग चालतो. विणकरांकडे दर महिन्याला व्याज द्यायला पैसे कुठून येणार, असे तिने विचारले, कारण तिच्या माहितीतले विणकर रेशीम उधारीवर आणतात आणि साडी विकली गेल्यावर पैसे चुकते करतात. या प्रश्नाला शिलालेखात सरळ उत्तर नाही, पण विचार करण्यासारखे बरेच आहे. ज्यांच्याकडे राजाचा जावई तीन हजारांची ठेव कायमची ठेवतो, त्यांची पत मोठी असली पाहिजे, त्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालेल असा भरवसा असला पाहिजे, आणि सुतासाठी लागणारे भांडवल म्हणून ती ठेव त्यांनाही उपयोगी पडत असली पाहिजे. शिक्षिकेने फळ्यावर या तिन्ही वाक्यांपुढे ‘अनुमान’ असे लिहिले. गोवर्धन हे नाव आजच्या गंगापूर रस्त्यावरील गोवर्धन गावाशी जोडले जाते, हे सांगितल्यावर त्या गावात सध्या विणकर आहेत का, याची चौकशी करण्याचे काम दोन मुलांनी आपणहून अंगावर घेतले.

मला या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे पान शेवटचे वाटते. पासबुकाची उपमा कोठे तुटते ते लिहा, असे शिक्षिकेने सांगितले होते. पहिल्या मसुद्यात गटाने ‘तेव्हा संगणक नव्हते’ असे काहीतरी लिहून वेळ मारून नेली. दुसऱ्या खेपेला, लेण्यात प्रत्यक्ष उभे राहून आल्यानंतर, त्यांनी लिहिले की पासबुक कपाटात ठेवतात आणि दुसऱ्याला दाखवत नाहीत, तर हा हिशेब ओवरीत खोल्यांच्या दारांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा कोरला आहे, आणि त्याआधी तो सभेत मोठ्याने वाचून दाखवला आहे. त्यामुळे श्रेणीला व्याज बुडवणे अवघड झाले असेल. गटातला एक मुलगा माझ्याशी बोलताना म्हणाला, “सर, हे पासबुक नाहीच, हा नोटीस बोर्ड आहे.” स्वतः निवडलेले रूप अपुरे आहे, हे दहावीच्या मुलाने असे सहज सांगावे, यापेक्षा चांगला निकाल मला या प्रकल्पाकडून अपेक्षित नव्हता.

एक गोष्ट मात्र शिक्षिकेला खोडावी लागली. कुशणमूल या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत एकमत नाही, तरी गटाने वर्षाचे नव्वद कार्षापण ‘भिक्खूंचे जेवण व औषधपाणी’ असे नावे टाकले होते. रकाना भरलाच पाहिजे या हट्टातून बनावट नोंदही होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नाणी आणि स्वगत

दुसऱ्या एका गटाने शाडू मातीची नाणी केली. जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गटाने ओल्या चकत्यांवर आधी एक छाप उठवला, मग त्यावर दुसरा मारला, आणि पहिला पूर्ण पुसला जात नाही हे सर्वांना दाखवले. काम छोटे, नेटके आणि मुद्द्याला धरून होते. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

अवघड प्रश्न निर्माण झाला तो चार मुलींच्या स्वगतामुळे. त्यांनी तिसऱ्या लेण्यातील, गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेख घेतला. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने ते लेणे भिक्खूंना दान दिले, आणि लेखात आपल्या मुलाची जी स्तुती कोरवली ती सातवाहन इतिहासाचे एक मुख्य साधन आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने क्षहरात वंश निःशेष केला, ज्याने सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित केले, अशी ती विशेषणे आहेत. मुलींनी बलश्रीला पांढरे पातळ नेसवून दिव्यासमोर बसवले, तिच्या तोंडी गेलेल्या मुलाच्या आठवणी घातल्या, त्याचे बालपण, त्याचे लढाईला निघणे, तिचे औक्षण करणे. प्रदर्शनाच्या दिवशी काही पालक मातांचे डोळे भरून आले. परीक्षक म्हणून मी त्या स्वगताला सर्वांत जास्त गुण दिले होते, आणि अभिनय व भाषा पाहता आजही देईन.

शिक्षिकेने त्यानंतर एक साधी गोष्ट केली. स्वगताची लिखित प्रत मागवून मुलींना तीन रंगांच्या पेन्सिली दिल्या : लेखात आहे ते निळ्याने, लेखावरून निघते ते हिरव्याने, आणि आपण रचलेले ते लाल रंगाने अधोरेखित करायचे. पान जवळजवळ सगळे लाल झाले. निळी वाक्ये होती ती विशेषणांची, आणि तीही पाठ्यपुस्तकातून उचललेली. मुली नाराज झाल्या, आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटली, कारण ‘सर्जनशील’ असे त्यांना सांगितले होते आणि त्यांनी सर्जनच केले होते. कल्पना केली हा दोष धरला, तर इतिहासाच्या वर्गात नाटकाला जागाच उरत नाही.

शिक्षिकेची भूमिका वेगळी होती आणि ती मला हळूहळू पटली. लाल रंग हा दोष नाही, पण लाल रंगाने निळा झाकला तर तो आहे. बलश्री लेखात स्वतःविषयी काय सांगते, याकडे मुलींनी पाहिलेच नव्हते. ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते, राजर्षीच्या पत्नीला शोभेल असे आचरण करणारी म्हणवते, सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, तप आणि उपवासाला वाहून घेतलेली म्हणवते. आणि याच लेखात ती क्षत्रियांचा गर्व उतरवणाऱ्या, शक-यवन-पह्लवांचा संहार करणाऱ्या मुलाचा अभिमानही कोरवते. अहिंसेत रमलेली बाई संहाराचा गौरव करते, तोही भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. औक्षणाच्या प्रसंगात हे सारे वाहून गेले होते. दुसऱ्या मसुद्यात मुलींनी औक्षण ठेवले, पण बलश्रीला लेख कोरणाऱ्या कारागिराशी बोलायला लावले : कोणते विशेषण आधी घ्यायचे, जागा किती उरली, क्षमा आणि संहार एका भिंतीवर शोभतील का. कारागीर अर्थातच काल्पनिक होता, तरी पानावर हिरवा रंग दिसू लागला.

गुण

अंतर्गत दहा गुणांपैकी पासबुकाला नऊ, नाण्यांना आठ, स्वगताच्या दुसऱ्या मसुद्याला आठ आणि दिवे लावलेल्या प्रतिकृतीला सहा गुण पडले. पालकसभेत त्या प्रतिकृतीच्या गटातील एका मुलीच्या वडिलांनी हरकत घेतली. रात्रपाळी करून आल्यावर दोन रविवार त्यांनी मुलीसोबत बसून काम केले होते, साहित्याला बराच खर्च आला होता, आणि चार पानांच्या वहीला जास्त गुण कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा राग खोटा नव्हता. पहिल्या सूचनेत ‘कोणत्याही स्वरूपात’ असे लिहिलेले होते, आणि त्या सूचनेप्रमाणे त्यांनी घरी जे करता येईल ते केले होते. दुसरे पत्रक आल्यावर त्यांच्या गटाने पाटी बदलून ‘बौद्ध लेणी’ केली आणि दहाव्या लेण्यात वेगळ्या रंगाचा दिवा लावला. पण त्या दिव्यापाशी काय लिहिले आहे, हे तोंडी परीक्षेत गटातल्या एकालाच सांगता आले. शिक्षिकेने हे त्यांना शांतपणे समजावले. ते ऐकून घेऊन निघून गेले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

पुढे मुख्याध्यापकांनी निर्णय घेतला की अंतर्गत गुणांत इतका फरक मंडळाकडे पाठवणे मुलांच्या हिताचे नाही. सगळ्यांचे गुण नऊ किंवा दहा झाले. हा निर्णय चुकीचा म्हणणे सोपे आहे, पण शहरातल्या बहुतेक शाळांत हे गुण असेच भरले जातात आणि एकट्या शाळेने काटेकोरपणा दाखवला तर तोटा तिच्याच मुलांचा होतो, हे मुख्याध्यापकांचे म्हणणे नाकारता येत नाही. परिणाम मात्र असा झाला की सूचनापत्रक, तोंडी परीक्षा आणि तीन रंगांच्या पेन्सिली यांचा गुणपत्रिकेशी काही संबंध उरला नाही. माझ्या मते शिक्षिकेने पुढच्या खेपेला या कामाला गुण जोडूच नयेत. गुणांमुळे पालक प्रतिकृतीवर खर्च करतात, आणि शेवटी ते गुण सर्वांना सारखेच मिळतात. तिचे म्हणणे याच्या उलट आहे : गुण नसतील तर दहावीच्या वर्गात प्रकल्पाला एक तासिकाही मिळणार नाही. तिला तो वर्ग रोज चालवायचा असल्यामुळे तिच्या मताला अधिक वजन दिले पाहिजे.

स्नेहसंमेलनात मुलींनी स्वगत पुन्हा सादर केले ते पहिल्या मसुद्याचे, औक्षणासह, आणि टाळ्याही तशाच पडल्या. शिक्षिकेने हरकत घेतली नाही. फक्त निवेदनात, यातील प्रसंग मुलींनी रचलेले आहेत आणि बलश्रीचे मूळ शब्द पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात आहेत, एवढे एक वाक्य घालायला लावले.

नव्या तुकडीसाठी वर्गातून काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विषय सुचवला गेला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि भाऊराव गायकवाडांनी पुढे वर्षानुवर्षे चालवलेला हा लढा मुलांच्या शहरात घडला. त्याची साधने विपुल आहेत, आणि काही मुलांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या आठवणीही असतील. शिलालेखासाठी जी रीत चालली ती येथे तशीच चालणार नाही. उषवदाताचे पासबुक लिहिताना कोणाच्याही आडनावाचा प्रश्न येत नाही. १९३० च्या रामनवमीच्या रथापुढे कोण उभे होते आणि कोणी अडवले, याच्या भूमिका एका वर्गात वाटायच्या तर तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो. शिक्षिकेने ठरवले आहे की या विषयावर नाट्यप्रवेश घ्यायचा नाही. मुलांनी त्या महिन्यांतील घटनांचा रोजनामा तयार करायचा, प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या साधनातून आली हे लिहायचे, आणि घरची आठवण असेल तर ती सांगणाऱ्याच्या परवानगीनेच घ्यायची. सूचनापत्रकाचा मसुदा तिने मला वाचायला दिला आहे, आणि त्यात ‘सर्जनशील’ हा शब्द कोठेही नाही.